हळदीचं बोट

मोकाशी सरांबद्दल चांगलं लिहायला बसले तर चार पानं सहज भरतील, आणि तिथंच माझी पंचाईत आहे. नुसत्या वाईट माणसाबद्दल लिहिणं सोपं असतं. पण ज्या माणसानं मला सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकवलं, ज्याच्या शब्दावर माझ्या दादानं मला एम.एस्सी.ला पाठवलं, ज्याच्या ताटात आमची वहिनी लोण्याचा गोळा जरा मोठाच टाकायची, त्यानंच आमचा केसानं गळा कापला. हे सांगताना आवाज कुठं चढवायचा आणि कुठं उतरवायचा, हे मला अजून ठरवता येत नाही. म्हणून जसं आठवेल तसं लिहिते.

सर ठेंगणे होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला तीन पेनं आणि ओठ झाकून टाकणारी जाड मिशी. काहीही प्यायले, अगदी पाणीसुद्धा, की खिशातला घडीचा रुमाल काढून मिशी डावीकडून उजवीकडं एकदाच पुसायचे. उलट दिशेनं कधी नाही. तुंगार्लीत बंद बंगल्यांच्या रांगेमागं दोन खोल्यांत एकटे राहायचे. "मला शेजारी फक्त शनिवार-रविवारी असतात," म्हणायचे. इतकी वर्षं लोणावळ्यात काढून चिक्कीला हात लावत नसत. कुणी आग्रह केलाच तर सांगत, "लोणावळ्याच्या माणसानं चिक्की फक्त दुसऱ्याला द्यायची असते."

कॉलेजातला त्यांचा पहिला तास मला लख्ख आठवतो. हजेरीचा कागद बाजूला सारून ते म्हणाले, "नावं राहू द्या. प्रत्येकानं पत्ता सांगा. मी उद्या तुमच्या घरी यायचं म्हटलं तर कसा येईन?"

माझी पाळी आली तेव्हा मी अडखळत सांगितलं, "मळवलीला उतरायचं. पूल ओलांडायचा, खालून एक्सप्रेसवे जातो. भाजे गावात लेण्यांच्या पायऱ्यांकडं न जाता डावीकडं वळायचं. आधी आमचा गोठा दिसतो. गोठ्यामागं घर."

"घराआधी गोठा," सर म्हणाले आणि फळ्यावर खरंच गोठा काढून त्यात शिंगं असलेलं काहीतरी उभं केलं. वर्ग हसला. तेव्हापासून मी 'भाजे' झाले. नवलाख उंबरे गावचा एक मुलगा 'नवलाख' झाला, आणि त्याला वडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा हेच जास्त आवडायला लागलं. दोन वर्षांत सरांनी माझं खरं नाव एकदाही घेतलं नाही. मला त्यात माया वाटायची.

मग त्याच फळ्यावर त्यांनी एक पेशी काढली आणि शिकवायला लागले. कुठल्याही पुस्तकात ते तसं नव्हतं.

"चोर दार फोडतो, म्हणून सापडतो," ते म्हणाले. "काही जिवाणूही तसलेच. येतात, मोडतोड करतात, पेशी मारतात, पकडले जातात. पण ब्रुसेलाची जात वेगळी. गाई-म्हशींना होतो, कच्च्या दुधातून माणसात येतो. तो पेशीत शिरतो आणि एका पिशवीत गुपचूप बसतो. दंगा नाही, काही नाही. मग त्या पिशवीतून एका नळीवाटे आपली प्रथिनं बाहेर सोडतो. आता गंमत बघा. पेशीत हजारो प्रथिनं आहेत आणि प्रत्येकाला आपापल्या जागी जायचंय. कुणी केंद्रकात, कुणी जिथं नवी प्रथिनं तयार होतात तिथं. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर पत्ता लिहिलेला असतो. या पाहुण्याच्या प्रथिनांवरही तसाच पत्ता असतो. घरच्या अक्षरात. पेशी तो वाचते, घरचंच समजते आणि स्वतःच्या हातानं नेऊन आत सोडते. एक प्रथिन जाऊन धोक्याची घंटा बंद करतं. दुसरं केंद्रकात बसून कुठली कामं चालू ठेवायची, कुठली थांबवायची हे बदलतं. पेशी मरत नाही बरं का. ती मेली तर हा राहील कुठं?"

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, मग ते प्रथिन करतं काय?"

"काय करतं ते नंतर. आधी बघायचं, जातं कुठं. आधी पत्ता, मग कर्तृत्व."

हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा यायचं. शिपायानं रजा मागितली तरी "आधी पत्ता. कुठं चाललायस?" आणि खरोखरच त्यांना प्रत्येकाचं घर माहीत असायचं. कुणाच्या अंगणात फणस आहे, कुणाकडं जायला ओढा ओलांडावा लागतो, सगळं. माणसाच्या घरापर्यंत जाणाऱ्या माणसावर आपला पटकन विश्वास बसतो. माझा तर आंधळा बसला.

बी.एस्सी. झाल्यावर दादानं पुढचं शिक्षण नको म्हटलं. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. आई-वडील गेल्यावर त्यानं आणि मंदावहिनीनं मला वाढवलं, त्यामुळं त्याचा शब्द घरात शेवटचा. मी कॉलेजात जाऊन रडले. पुढच्या रविवारी सर स्कूटरवरून हजर. न विचारता, न चुकता थेट गोठ्यापाशी येऊन थांबले.

वहिनी तेव्हा चांदीची धार काढत होती. चांदी म्हणजे आमची म्हैस, कपाळावर पांढरा चट्टा असलेली, वहिनीनं रेडकू असल्यापासून वाढवलेली. आमच्याकडं मानाचा पाहुणा आला की धारोष्ण दूध द्यायचं, आचळातून आलेलं, तसंच कोमट, फेसासकट. वहिनीनं पितळी पेला भरून पुढं केला.

"घ्या सर. आत्ताच काडलंय. वाईच पन कमी करू नका."

सर एका दमात प्याले. मिशी पांढरी झाली. वहिनी पदर तोंडाला लावून हसली. सरांनी रुमाल काढला, डावीकडून उजवीकडं एकदा पुसलं आणि म्हणाले, "वहिनी, असल्या दुधासाठी मी दर रविवारी येईन."

मग दादाकडं वळले. "भाऊ, तुमची बहीण सूक्ष्मदर्शकात जे बघते ते मला दाखवल्याशिवाय दिसत नाही. मी तिला मागतोय, असं समजा. जबाबदारी माझी."

दादा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "जबाबदारी तुमची म्हनताय ना? मंग न्या."

हा शब्द सरांनी स्वतः दिला होता, आम्ही मागितला नव्हता.

एम.एस्सी. झाल्यावर सरांना तळेगावच्या बाजूला एका खासगी संस्थेत प्रयोगशाळा मिळाली आणि मला त्यांच्या हाताखाली काम. काम असं: मावळातल्या गावांतून म्हशींच्या दुधाचे नमुने गोळा करायचे. कुठल्या दुधात ब्रुसेला आहे ते चाचणी करून बघायचं. सापडला तर त्याच्या प्रथिनांपैकी एकाचं जनुक वेगळं काढायचं, त्याला हिरवा उजेड देणारी खूण जोडायची आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये सोडायचं. जिवंत जिवाणू नाही, फक्त त्याचं एक प्रथिन. मग अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हिरवा उजेड पेशीत कुठं जाऊन बसतो. शेवटी सगळं पत्त्यावरच आलं.

नमुन्यांचा नियम कडक होता. नळीवर फक्त आकडा, बस. कुठला आकडा कुणाच्या म्हशीचा हे एकाच वहीत लिहिलेलं, आणि ती वही सरांच्या कपाटात. आकडेही तेच टाकायचे, नमुने प्रयोगशाळेत आल्यावर, सगळे एकत्र मिसळून. मला ते योग्यच वाटायचं. गावात कुणाच्या म्हशीला रोग आहे असं बाहेर फुटलं तर त्याचं दूध कोण घेणार?

"आणि ज्याची म्हैस आजारी निघेल त्याला कळवायचं कसं?" मी सुरुवातीलाच विचारलं होतं.

"ते माझ्यावर सोड, भाजे. मी स्वतः घरी जाऊन सांगेन. पत्ते माहीत आहेत की मला."

संक्रांतीनंतर भाजे गावातले नमुने घेतले. चांदी नुकतीच व्यालेली, चिकाचे दिवस सरलेले. आमच्या घराची एक रीत आहे. नव्या वेताचं दूध पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर जाताना भांड्याच्या झाकणाला हळदीचं बोट लावायचं, दृष्ट लागू नये म्हणून. वहिनीनं माझ्या हातातली नळी घेतली, आत गेली आणि झाकणावर ठसठशीत पिवळं बोट उठवून परत आली.

"वहिनी, अगं ही प्रयोगशाळेत जायची आहे. काही लावायचं नसतं."

"मंग काय झालं? दूध तर आमच्या चांदीचंच हाय ना? तुमच्या तितं नजरा काय कमी असतील व्हय?"

मी झाकण पुसलं, पण हळद ती. एकदा लागली की लागली. पिवळा डाग तसाच राहिला. सरांना सांगावं असं मनात आलं, मग वाटलं, एवढ्याशा डागानं काय होतंय. माझ्या हातून नियम मोडला तो एवढाच.

त्या वर्षी सर खूप आनंदात होते. उन्हाळ्यात एक दिवस दुपारी अंधाऱ्या खोलीतून त्यांनी मला हाक मारली. "भाजे, पळत ये! चौदा बघ!"

चौदा म्हणजे चौदा नंबरच्या नमुन्यातलं प्रथिन. तोवर आम्ही पाहिलेली बाकी सगळी केंद्रकाच्या बाहेरच राहिली होती. याच्या साखळीच्या शेवटी मात्र दोन-चार दुवे वेगळे होते, आणि तेवढ्यानं पत्ता बदलला होता. मी डोळा लावला. पेशींची अंधूक कडा, आणि प्रत्येकीच्या मधोमध, बरोबर केंद्रकात, हिरवा गोळा. इतकं सुंदर मी त्याआधी काही पाहिलं नव्हतं. सर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. "थेट देवघरात जाऊन बसलंय! असं कुणी पाहिलेलं नाही. आपण पहिले." त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चिक्की वाटली. स्वतः खाल्ली नाही, ते सोडा.

पुढचे कितीतरी दिवस मी 'चौदा'च्या बश्या सांभाळल्या. त्याचे फोटो काढले, हिरवे ठिपके मोजले. आणि घरी वहिनीचा ताप काही उतरेना.

पाडव्यानंतर सुरू झाला होता. संध्याकाळी चढायचा, घामानं अंथरूण भिजायचं, आठ-दहा दिवस बरं वाटायचं, परत यायचा. कंबर इतकी धरली की धार काढायला बसलेली वहिनी उठताना गव्हाणीला धरून उठायची. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइडचं औषध दिलं. परत दिलं. मी सरांना विचारलं. एकदा नाही, तीनदा विचारलं.

"सर, चढता-उतरता ताप आहे, कंबर दुखतेय. ब्रुसेला तर नसेल?"

दर वेळी ते समोरच्या कागदाकडं बघत म्हणाले, "गावात टायफॉइड फार आहे यंदा. आधी त्याचा बंदोबस्त करा."

सरळ खोटं बोलले असते तरी परवडलं असतं. खोट्याला निदान पकडता येतं. आणि मी ऐकलं. दिवसभर त्याच रोगाचं प्रथिन बघणारी मी, घरी येऊन वहिनीला टायफॉइडच्या गोळ्या देत होते. ही शरम माझी आहे, ती मी सरांच्या नावावर टाकत नाही.

गणपती उठल्यावर प्रयोगशाळेतला मोठा फ्रीजर बिघडला. सर पुण्याला गेले होते. नमुने वितळायच्या आत सगळे डबे दुसरीकडं हलवायचे म्हणून मी एकेक खण रिकामा करत होते. तळाशी सरांच्या अक्षरातला एक डबा निघाला. वर लाल पेनानं 'पॉझिटिव्ह', खाली दोन चाचण्यांच्या दोन तारखा. आत सात नळ्या. सातव्या नळीच्या झाकणावर बर्फाखाली पिवळा डाग.

मी अंगठ्यानं बर्फ पुसला. वहिनीचं बोट. नळीवर आकडा, चौदा.

पहिल्यांदा मला फक्त एवढंच सुचलं की उन्हाळाभर मी आमच्याच गोठ्यातलं प्रथिन बघत होते. त्यालाच सुंदर म्हणत होते. मग मी तारखा वाचल्या. दुसरी चाचणी होळीच्या आधीच्या बुधवारची होती. आणि त्या बुधवारनंतरचा रविवार मला आठवला.

त्या रविवारी सर आमच्याकडं आले होते. वहिनीनं नेहमीप्रमाणं पेला पुढं केला. सर म्हणाले, "आज नको, वहिनी. पित्त झालंय. डॉक्टरांनी दूध बंद सांगितलंय." वहिनी हिरमुसली. "मंग कोरा चा करते," म्हणाली. सरांनी कोरा चहा घेतला, मिशी पुसली. पुढच्या रविवारीही कोरा. त्यापुढच्याही. आणि सरांना नको झालेला तो पेला वाया कशाला घालवायचा म्हणून दर वेळी, त्यांच्यासमोर उभं राहून, वहिनी प्यायची.

ते बघत होते. त्या बघण्याला मी आजही क्षमा करू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले तेव्हा मी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला होता.

"सर, चौदा कुणाची म्हैस?"

"कोड आहे, भाजे. कोड विचारायचा नसतो."

"झाकणावर हळद आहे. आमच्या वहिनीचं बोट आहे ते."

त्यांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मग म्हणाले, "शैला, खाली बस."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं. मी बसले नाही.

"एका चाचणीवर भरवसा नसतो," ते म्हणाले. "नव्या वेताच्या दुधात ती फसवते."

"म्हणून तुम्ही दुसरी केलीत. तारीख आहे खाली."

"सांगितलं असतं तर तुझ्या दादानं म्हैस विकली असती. बाजारातून दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यात गेली असती. रोग आणखी पसरला असता. तू विचार कर."

"आणि?"

"आणि काय?"

"आणखी काहीतरी आहे, सर."

त्यांनी चष्मा लावला. "पुढच्या वेताचं दूध मिळालं नसतं," ते हळू म्हणाले. "तेच प्रथिन पुढच्या वेतातही तसंच टिकतं का, हे बघायला हवं होतं. माझी निवृत्ती जवळ आलीय. आयुष्यभर शिकवत राहिलो. हातात असं एकच काहीतरी आलं. तू स्वतः पाहिलंस, किती..."

"वहिनी तापानं फणफणतेय हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं."

"मला खरंच वाटलं टायफॉइड असेल."

"मग दूध का सोडलंत?"

त्यांनी टेबलाचा खण उघडला, बंद केला, परत उघडला. आत काही शोधायचं होतं असं मला वाटत नाही. ते एकदा "चुकलं माझं" म्हणाले असते तर मी तिथंच रडले असते आणि कदाचित दुसऱ्या दिवशी कामावरही गेले असते. इतकी मी त्यांची होते. पण ते म्हणाले, "संस्थेत हे बोलू नकोस. तुझंही करिअर आहे." मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

त्याच दिवशी वहिनीला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. निघायचं तेच निघालं. सहा आठवडे औषधं चालली, ताप गेला. कंबर मात्र गेली ती गेलीच. जमिनीला टेकून बसणं तिला आता जमत नाही, त्यामुळं धार काढणंही नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. केव्हा शिरला कोण सांगणार, होळीच्या आधीच शिरला असेलही. पण निदान औषध पाडव्याला सुरू झालं असतं.

संस्थेला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की नमुने नियमाप्रमाणं निनावी होते. बाकीच्या सहा नळ्यांचे पत्ते सरांच्या वहीत कुलपात होते, म्हणून मग मी एकटी गावोगाव हिंडले. ज्या ज्या घरून दूध आणलं होतं, तिथं प्रत्येकाला सांगितलं, म्हैस तपासून घ्या, दूध उकळून प्या. काहींनी ऐकलं. काहींनी दारातूनच वाटेला लावलं. "तुमीच न्हेलंतं की दूध," एक आबा म्हणाले, "तवा का न्हाई बोलला?" मी पुढच्या घराकडं वळले.

दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो पुन्हा त्याच खांबाला टेकून उभा होता.

"चांदीचं काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं म्हंजी? बांधायची येगळी."

"विकायची नाही?"

तो माझ्याकडं असं बघायला लागला की जणू मी परक्या घरची होते. "आपलं दुकनं दुसऱ्याच्या दावनीला बांधू व्हय?"

सरांचा आमच्याबद्दलचा हिशेब एवढा चुकला होता. आमच्या घरी पाच वर्षं येऊन त्यांना गोठा माहीत होता, घर माहीत होतं. दादा माहीत नव्हता. चांदी आता कुंपणापाशी वेगळ्या छपरात असते. तिला परत गाभण होऊ दिली नाही. गोठ्यात दुसरी म्हैस आहे, तपासून घेतलेली, आणि तिची धार दादा काढतो.

सरांना शेवटचं पाहिलं ते गेल्या मार्गशीर्षात. रविवार होता. स्कूटर गोठ्यापाशी थांबली तेव्हा आवाजावरूनच मी ओळखलं आणि उंबऱ्यातच उभी राहिले. दादानं बघितलं आणि चारा आणायला निघून गेला. वहिनी ओट्यावर खुर्चीत बसली होती. तिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "या सर. बसा."

सर वाळले होते. मिशी पांढरी झाली होती, या वेळी खरोखरची. निवृत्त झालो म्हणाले. पिशवीतून छापील कागद काढून त्यांनी वहिनीच्या हातात दिला. शोधनिबंध छापून आला होता. पहिल्याच पानावर हिरव्या केंद्रकांचा फोटो, मी काढलेला. शेवटी बारीक अक्षरात मावळातल्या शेतकरी कुटुंबांचे आभार.

वहिनीनं कागद उलटा-सुलटा केला. "ह्यात आमची चांदी कुटं हाय?"

सरांनी वाकून एका ओळीवर बोट ठेवलं. "ही. चौदा."

"चांदी म्हनायचं व्हतं की," वहिनी म्हणाली. तिनं कागदाची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. मग मला म्हणाली, "वन्सं, आत चुलीशेजारी पेला भरून ठेवलाय. सरांना द्या."

तोच पितळी पेला. काठोकाठ दूध. मी तो सरांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. कोमट होता. त्यांनी पेल्यात बघितलं, कुंपणापाशी उभ्या असलेल्या चांदीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी त्यांची विद्यार्थिनी. त्यांच्या डोक्यात कुठले प्रश्न उभे राहिलेत ते मला एकेक करून दिसत होते. कुठल्या म्हशीचं? उकळलंय का? एवढं साधं विचारायचं होतं. पण ते विचारायचं तर आधी बरंच काही कबूल करावं लागलं असतं. वहिनी त्यांच्याकडं शांतपणे बघत होती, जसे एके काळी ते तिच्याकडं बघत असत.

पेला ओठांपर्यंत गेला. तिथं थांबला. मग त्यांनी तो खाली, ओट्याच्या कडेला, थेंब न सांडू देता ठेवला.

"येतो मी," ते म्हणाले. "उशीर झाला."

"पत्ता ठावं हाय तुमाला. या परत," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

स्कूटरपाशी जाऊन त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि सवयीनं मिशी पुसली, डावीकडून उजवीकडं, एकदाच. काही प्यायले नव्हते तरी. मग स्कूटर वळली आणि पुलाच्या रस्त्याला लागली.

वहिनीनं हात लांब करून पेला उचलला. निम्मं दूध स्वतः प्याली, निम्मं माझ्यापुढं धरलं.

"नव्या म्हशीचं हाय," ती म्हणाली. "दोनदा उकळलेलं. इचारलं असतं तर सांगितलं असतं की मी."